मोजणीबाहेरचे अंधत्व

रायगड जिल्ह्यात नेत्रशिबिर ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. पेणला, रोह्याला, अगदी आडवळणाच्या वाडीवरील शाळेतसुद्धा शिबिराचा फलक लागतो. म्हातारी माणसे सकाळपासून रांग धरतात. मोतीबिंदू पिकलेल्यांची निवड होते. गाडी त्यांना रुग्णालयात नेते आणि दोन-तीन दिवसांत काळा चष्मा लावून घरी आणून सोडते. आयोजकांना समाधान मिळते, रुग्णाला दृष्टी मिळते आणि सरकारदप्तरी एका आकड्याची भर पडते. या कामाचे मोल कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. तथापि याच रांगेत कधीकधी दहाबारा वर्षांचे एखादे मूल किंवा विशीतला एखादा तरुण बसलेला असतो. त्याच्या बुबुळात पांढरे काही दिसत नाही, चष्म्याचा नंबरही फारसा नसतो. दिवसा तो पुस्तक वाचू शकतो. परंतु दिवेलागणीनंतर घरच्याच अंगणात ठेचकाळतो. डॉक्टर त्याच्या डोळ्याचा तळ तपासतात, आई-वडिलांचे लग्नापूर्वी काही नाते होते काय असे विचारतात आणि याला शस्त्रक्रिया नाही असे सांगून पुढच्या रुग्णाला बोलावतात. सायंकाळी तयार होणाऱ्या अहवालात या तरुणासाठी रकाना नसतो.

हा रकाना का नाही, याचे उत्तर वैद्यकापेक्षा नियोजनाच्या इतिहासात अधिक सापडते. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला, तेव्हा देशातील बहुतांश अंधत्वाचे कारण मोतीबिंदू हेच होते. पुढे १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूची मोठी मोहीम राबवली गेली आणि एक कोटीहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. थोड्या खर्चात, थोड्या वेळात, डोळ्यांदेखत फळ देणारे दुसरे काम सार्वजनिक आरोग्यात क्वचितच असेल. मर्यादित पैसा आधी तेथे वळवला गेला, हे योग्यच झाले. परंतु ज्या कामाचे उद्दिष्ट वर्षारंभी ठरते आणि ज्याचा हिशेब मार्चअखेर द्यावा लागतो, त्याच कामाची यंत्रणेला हळूहळू सवय होते. उरलेल्या अंधत्वाकडे दुर्लक्ष करण्याचा निर्णय कोणीही घेतलेला नसतो. ते आपोआप घडते.

या उरलेल्या अंधत्वातील एक मोठा भाग आनुवंशिक आहे. त्यातील सर्वपरिचित रोग म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोजा. डोळ्याच्या मागील बाजूस असलेल्या दृष्टिपटलातील, मंद प्रकाशात पाहणाऱ्या पेशी प्रथम मरू लागतात. म्हणून आरंभ रातांधळेपणाने होतो. नंतर दृष्टिक्षेत्र कडेकडून आक्रसत जाते आणि नळीतून पाहिल्यासारखे केवळ समोरचे दिसू लागते. शेवटी तेही जाते. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने डोळ्याचा तळ पाहण्याचे उपकरण तयार केले, त्यानंतर दहा वर्षांच्या आतच युरोपातील नेत्रवैद्यांना या रुग्णांच्या दृष्टिपटलावरील काळे डाग दिसले. आणि १८६१ मध्ये बर्लिनमध्ये लीब्राइख याने असे रुग्ण नात्यातील विवाहांतून जन्मलेल्यांत अधिक आढळतात, हेही नोंदवले. थेओडोर लेबर याने १८६९ मध्ये याच जातीच्या, पण जन्मापासून किंवा तान्हेपणापासून दृष्टी हिरावणाऱ्या रोगाचे वर्णन केले. तो आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. म्हणजे शिबिरातील डॉक्टर आई-वडिलांच्या नात्याविषयी जो प्रश्न विचारतात, तो दीडशे वर्षांहून जुना आहे. खेद असा, की त्या प्रश्नानंतर करावयाच्या गोष्टी मात्र शिबिरात अजून पोचलेल्या नाहीत.

रातांधळेपणा म्हटले की आपल्याकडे 'अ' जीवनसत्त्व आठवते. हे स्वाभाविक आहे. कुपोषित मुलांमधील रातांधळेपणा त्याच जीवनसत्त्वाच्या अभावी येतो आणि अंगणवाडीत दिल्या जाणाऱ्या डोसाने तो बराही होतो. मात्र आनुवंशिक रोग असलेल्या मुलाला घरचे लोक वर्षानुवर्षे गाजर, पपई आणि माशाचे तेल देत राहतात आणि मोलाची वर्षे निघून जातात. लेबरच्या रोगाच्या एका प्रकारात तर मोठा विचित्र प्रसंग असतो. 'अ' जीवनसत्त्व शरीरात मुबलक असते. परंतु त्याला दृष्टीच्या उपयोगी रूपात आणणारे विकर तयार करण्याची आज्ञा ज्या जनुकात आहे, ते आरपीई-६५ नावाचे जनुकच बिघडलेले असते. कोठारात धान्य आहे आणि जाते मोडलेले आहे, अशी ही अवस्था. हे मोडलेले जाते दुरुस्त करण्यात एका नेत्रवैद्याची आणि त्याच्या पत्नीची उमेदीची सारी वर्षे गेली. त्यांची वाटचाल येथे थोडी विस्ताराने पाहणे आवश्यक आहे, कारण असे संशोधन कसे होते याविषयी आपल्याकडे फार भोळ्या कल्पना आहेत.

अल्बर्ट मॅग्वायर आणि जीन बेनेट यांची ओळख हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी असताना झाली. मॅग्वायर यांनी दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेचे क्षेत्र निवडले; बेनेट यांना जनुकांच्या अभ्यासाची ओढ होती. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास मॅग्वायर यांनी पत्नीला विचारले, की दृष्टिपटलाच्या आनुवंशिक रोगांवर निरोगी जनुक पेशीत नेऊन सोडण्याचा उपाय शक्य होईल काय? त्यांनी होकार दिला. तो होकार देताना त्यांच्या हाती काय होते? या रोगांना कारणीभूत होणारी जनुके तेव्हा माहीत नव्हती. ती पेशीपर्यंत नेणारे सुरक्षित वाहन नव्हते. ज्या प्राण्यावर प्रयोग करावा तो प्राणीही ठाऊक नव्हता. आपल्याकडील एखाद्या अनुदान समितीसमोर असा प्रस्ताव आला असता, तर पहिल्याच बैठकीत तो दप्तरी दाखल झाला असता.

१९९२ मध्ये हे दांपत्य फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आले. बेनेट प्रयोगशाळेत निरुपद्रवी केलेल्या विषाणूंच्या पाठीवर जनुक लादण्याची खटपट करीत आणि मॅग्वायर ते दृष्टिपटलाखाली नेमके सोडण्याची शस्त्रक्रिया बसवीत. दृष्टिपटल कागदाहून नाजूक असते. उंदराचा डोळा मिरीच्या दाण्याएवढा. १९९६ मध्ये बेनेट यांच्या प्रयोगशाळेला उंदरांच्या डोळ्यांतील पेशींचा नाश काही आठवड्यांनी लांबवता आला. दहा वर्षांच्या खटपटीचे फळ काही आठवडे, आणि तेही उंदरांत! दरम्यान १९९३ मध्ये आरपीई-६५ हे जनुक सापडले होते. १९९७ मध्ये त्याचा बिघाड लेबरच्या रोगाशी जोडला गेला. आणि ब्रिआर्ड जातीच्या कुत्र्यांत हाच दोष निसर्गतः आढळतो हेही कळून आले होते. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांच्या साहाय्याने जन्मांध कुत्र्यांवर उपचार झाले आणि २००१ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लॅन्सेलॉट नावाचा कुत्रा पाहू लागला होता. प्रयोगातील दोन कुत्रे पुढे या दांपत्याने घरीच पाळले.

तथापि माणसापर्यंतचा रस्ता मध्येच बंद झाला होता. १९९९ च्या सप्टेंबरात याच विद्यापीठात यकृताच्या एका रोगावरील जनुकोपचाराच्या चाचणीत अठरा वर्षांचा एक तरुण दगावला. बेनेट-मॅग्वायर यांचा त्या चाचणीशी संबंध नव्हता. परंतु जनुकोपचार या शब्दालाच काळिमा लागला आणि साऱ्या क्षेत्रावर कडक निर्बंध आले. ते निर्बंध अनाठायी होते असे म्हणता येणार नाही. सुरक्षिततेची प्रत्येक पायरी पुन्हा चढावी लागली. फिलाडेल्फियातील बालरुग्णालयाने खर्चाचा भार उचलला, तेव्हा कोठे २००७ च्या ऑक्टोबरात पहिल्या मानवी रुग्णावर मॅग्वायर यांनी शस्त्रक्रिया केली. सुरुवातीचे तिन्ही रुग्ण इटलीहून आणलेले होते. कारण उघड आहे: तेथील नेत्रवैद्यांनी अशा कुटुंबांच्या नोंदी ठेवल्या होत्या आणि कोणाच्या शरीरात कोणते जनुक बिघडले आहे, हे त्यांना सांगता येत होते. २००८ मध्ये उपचार झालेला आठ वर्षांचा एक मुलगा काही दिवसांनी प्राणिसंग्रहालयाच्या दारात सूर्याकडे पाहून किंचाळला. उजेडाने डोळे दिपणे म्हणजे काय, हे त्याला त्या दिवशी प्रथमच कळले.

त्याच सुमारास लंडनमध्ये आणि अमेरिकेतील आणखी एका गटातही असेच प्रयोग चालू होते, हे सांगितले पाहिजे. विज्ञानात एकट्या वीरपुरुषाच्या कथा बहुधा अर्धसत्य असतात. पुढे ३१ रुग्णांवर निर्णायक चाचणी झाली. यश मोजण्याची पद्धत मोठी बोलकी होती. तक्त्यावरील अक्षरे वाचण्याऐवजी रुग्णांनी मंद-मंद होत जाणाऱ्या प्रकाशात अडथळ्यांची वाट ओलांडायची होती. १९ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लक्स्टर्ना या नावाने या उपचारास मान्यता दिली. आनुवंशिक रोगासाठी थेट रुग्णाच्या शरीरात जनुक सोडणारा तो त्या देशातील पहिला मान्यताप्राप्त उपचार होय. मॅग्वायर यांच्या प्रश्नापासून या दिवसापर्यंत तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता. या शोधाच्या स्वामित्वहक्कातून मिळू शकणारा आर्थिक लाभ दोघांनीही चाचण्यांपूर्वीच सोडून दिला होता. हितसंबंधांचा प्रश्न उद्‌भवू नये, एवढाच त्यामागील हेतू.

संशोधकांनी लाभ सोडला, म्हणून औषध स्वस्त झाले असे मात्र नाही. जानेवारी २०१८ मध्ये दोन्ही डोळ्यांच्या उपचाराची किंमत साडेआठ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ५ कोटी ४० लाख रुपये जाहीर झाली. रुग्ण थोडे, खर्च अवाढव्य आणि जोखीम मोठी, तेव्हा प्रत्येक रुग्णामागे किंमत चढीच राहणार, हा कंपनीचा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे, पण निम्मेच. पहिल्या वीस वर्षांची जोखीम विद्यापीठाने, सरकारी अनुदानाने आणि बालरुग्णालयाने घेतलेली होती. औषध तयार करणारी कंपनी २०१३ मध्ये स्थापन झाली आणि २०१९ मध्ये एका बलाढ्य स्विस कंपनीने ती ४ अब्जांहून अधिक डॉलर देऊन विकत घेतली. जोखीम समाजाची आणि नफा भागधारकांचा, ही विभागणी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अपरिचित नाही.

किंमत ही काही दगडावरची रेघ नव्हे, याचे दाखलेही आपल्याच देशात आहेत. डोळ्यात बसवण्याचे कृत्रिम भिंग परदेशातून येई तेव्हा ते गरिबाच्या आवाक्याबाहेर होते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या संस्थेने १९९२ पासून ते येथेच तयार करण्यास आरंभ केला आणि त्याची किंमत मूळच्या एका लहानशा अंशावर आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीने आणि टाटा रुग्णालयाने मिळून रक्ताच्या कर्करोगावर विकसित केलेल्या, जनुकबदल केलेल्या पेशींच्या उपचारास मान्यता मिळाली. त्याचा खर्च अमेरिकेतील खर्चाच्या सुमारे एक-दशांश आहे. डोळ्यांच्या बाबतीत असे होणारच नाही, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये.

पण उद्या हे औषध फुकट मिळाले, तरी रोह्यातील मुलाला त्याचा उपयोग होईल काय? आज तरी नाही. दृष्टिपटलाच्या आनुवंशिक रोगांना कारणीभूत होणारी जनुके अडीचशेहून अधिक आहेत; लक्स्टर्ना त्यांपैकी एकाच जनुकावर चालते, आणि तेही पेशी जिवंत असतील तोवर. ज्या मुलाच्या जनुकाची तपासणीच झालेली नाही, त्याच्या दृष्टीने फिलाडेल्फियातील सारी साधना असून नसल्यासारखीच आहे.

असे रुग्ण आपल्याकडे मूठभरच असतील, ही समजूतही तपासून घ्यावी लागेल. जगात साधारणपणे दर चार हजार माणसांमागे रेटिनायटिस पिगमेंटोजाचा एक रुग्ण धरला जातो. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ ते २००८ या काळात नागपूर परिसरातील आठ खेड्यांत तीस वर्षांवरील ४,७०० हून अधिक लोकांचे डोळे तपासले. तेथे हे प्रमाण दर साडेसातशे माणसांमागे एक असे आढळले. प्रत्यक्ष सापडलेले रुग्ण थोडे असल्याने हा आकडा जपून वापरला पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाखांवर होती. जगाचे सरासरी प्रमाण लावले, तरी जिल्ह्यात साडेसहाशेच्या आसपास रुग्ण असावेत. नागपूरचे प्रमाण लावले, तर त्याच्या कितीतरी पट. ही निव्वळ त्रैराशिकाची मांडणी आहे, गणना नव्हे. गणना झालेलीच नाही, हेच तर दुखणे आहे.

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रात अनेक समाजांत आहे आणि अशा विवाहांत अप्रभावी दोष एकत्र येण्याची शक्यता वाढते, हे खरेच. आई आणि बाप दोघेही निरोगी असतात. प्रत्येकाकडे बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत असते. आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारांत एक असते. परंतु नात्यातील लग्ने टाळली की प्रश्न मिटला, असे समजणे भोळेपणाचे आहे. हैदराबादच्या संशोधन केंद्रातील के. थंगराज आणि हार्वर्डमधील डेव्हिड राइश यांच्या गटाने २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६३ समाजगटांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८१ गट इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेले आढळले, की आनुवंशिक रोगांसाठी जगभर अभ्यासले जाणारे फिनलंडचे लोक आणि पूर्व युरोपातील ज्यू यांनाही त्यांनी मागे टाकले. जातीच्या आत लग्न करण्याची शतकानुशतकांची रीत म्हणजे संथ गतीने चाललेला नात्यातील विवाहच होय. पत्रिकेतील गोत्र, नाड आणि गुण जुळवणाऱ्या आपल्या समाजाला हे पचणे जड जाईल.

रायगडला तर याचे उदाहरण शोधण्यास दूर जायला नको. पेणकर आणि रोहेकर ही आडनावे लावणारे बेने इस्राएल, गावकऱ्यांचे 'शनवार तेली', याच किनाऱ्यावर शतकानुशतके आपापसांत विवाह करीत राहिले. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. अमेरिकेतील आणि पूर्व युरोपीय वंशाच्या ज्यू समाजाने टे-सॅक्स या जीवघेण्या रोगासाठी १९७० नंतर स्वतःहून रक्ततपासणी सुरू केली. लग्नापूर्वी वा अपत्यापूर्वी जोडपी तपासून घेतली जाऊ लागली आणि त्या समाजातील या रोगाचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. तेथे कोणाच्या रक्ताला दूषण लावले गेले नाही, की कोणाच्या मुलीचे लग्न सक्तीने मोडले गेले नाही. माहिती गुप्त राखली गेली, एवढे पथ्य मात्र कसोशीने पाळले गेले. आपल्याकडे अशा तपासणीचा पहिला बळी घरातील सून ठरते, म्हणून हे पथ्य येथे दुपटीने महत्त्वाचे.

सरकारला हे झेपणार नाही, असेही नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या सिकलसेल मोहिमेत आदिवासी भागातील सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि त्यांना कार्ड देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. कातकरी वाडीवरील मुलाचे रक्त तपासून त्याच्या पालकांना आनुवंशिकतेचा अर्थ समजावून सांगता येत असेल, तर रातांधळ्या मुलाच्या पालकांना तो सांगण्यात अडचण कोणती? दुर्मीळ रोगांसाठी २०२१ चे राष्ट्रीय धोरण आहे. यादीत समाविष्ट असलेल्या आजारांना पन्नास लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद २०२२ मध्ये झाली आणि त्यासाठी नेमलेल्या केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. पेणहून एसटीने आणि रोह्याहून दिव्याच्या गाडीने सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत परळला पोचतो. रुग्णाला तेथे जाण्याची चिठ्ठी मात्र कोणीतरी लिहून द्यावी लागते.

उपचार येईल तेव्हा येईल. मधल्या काळात या माणसाने जगायचे कसे, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी हे सर्वांत कसबी हाताचे काम मानतात. दृष्टिक्षेत्र आक्रसलेला एखादा कारागीर भर दिवसा, चांगल्या उजेडात, ही आखणी बिनचूक करू शकेल. आणि तोच सायंकाळी कारखान्यातून बाहेर पडताना शेजारून येणाऱ्या सायकलीवर आदळेल. तो डोळस की अंध? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने याचे स्पष्ट उत्तर दिलेले आहे. अक्षरे वाचता येत असली, तरी दृष्टिक्षेत्र दहा अंशांहून कमी असेल तर तो अंध. दहा ते चाळीस अंशांच्या दरम्यान असेल तर अल्पदृष्टी. सरकारी नोकरीतील एक टक्का आरक्षण, एसटीची सवलत, परीक्षेतील जादा वेळ या साऱ्याचा दरवाजा या एका मोजमापावर उघडतो. केवळ अक्षरांच्या तक्त्यावर दृष्टी पारखली, तर असा माणूस धडधाकट ठरून परत जातो. दृष्टिक्षेत्र मोजणारे यंत्र आणि ते चालवणारा माणूस अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात ठरावीक वारी उपलब्ध असणे, आणि त्या वाराची माहिती पेण-रोह्याच्या रुग्णालयांत लावलेली असणे, यासाठी काही अमेरिकेच्या प्रयोगशाळेची गरज नाही.

या प्रकरणी शिक्षकांना डॉक्टरांच्याही आधी बरेच काही दिसते. पावसाळी अंधाऱ्या वर्गात फळ्यावरचे अचानक दिसेनासे होणारा, संध्याकाळच्या खेळात चेंडू हरवणारा, दाराच्या चौकटीवर खांदा आपटणारा विद्यार्थी बहुधा वेंधळा ठरतो. अशा मुलाला जीवनसत्त्वाचा डोस देऊनही फरक पडत नसेल, तर त्याला चष्म्याच्या दुकानाऐवजी दृष्टिपटलाच्या तज्ज्ञाकडे पाठवावे, एवढी एक ओळ शालेय आरोग्य तपासणीच्या तक्त्यात घालता येईल.

रोह्याला या विषयात एक वारसाही आहे, तो सहसा कोणाला आठवत नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्याशी निगडित. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या अध्यक्षा होत्या. अंधांसाठी त्यांनी वसतिगृहासह शाळा आणि हलक्या अभियांत्रिकी कामाची कार्यशाळा उभारली. ज्या काळात वेताच्या खुर्च्या विणणे हाच अंधांचा व्यवसाय समजला जाई, त्या काळात यंत्राचे काम त्यांच्या हाती देण्याचा हा विचार होता. रोह्यालगत धाटावची औद्योगिक वसाहत आज उभी आहे. तेथील कारखान्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून नेत्रशिबिरांचे फलक रंगतात. त्याच निधीतून तालुक्यातील दृष्टिक्षेत्र गमावलेल्या कुटुंबांची यादी करणे, त्यांच्या जनुकांची तपासणी करून घेणे आणि ज्यांचे काम सुटले आहे त्यांना दुसरे काम शिकवणे, यांपैकी कोणते आधी हाती घ्यावयाचे, हे जिल्हा प्रशासनाने आणि कारखान्यांच्या व्यवस्थापनांनी एकत्र बसून ठरवावे. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांची यादी करावयास सहा महिने पुरेसे आहेत.